चहाचा कुलवृत्तांत

जुन्या घराण्यांना कुलवृत्तांत छापण्याची हौस असते. मूळ पुरुष कोण, तो देशावरून निघाला की कोकणातून, कोणत्या सरदाराबरोबर इकडे आला, याची वंशवेल मोठ्या काळजीने मांडली जाते. मात्र त्याच घरांत ज्याचे आधण दिवसातून तीन-चार वेळा ठेवले जाते, त्या चहाचा कुलवृत्तांत कोणी विचारीत नाही. विचारलाच तर एका वाक्यात उत्तर मिळते: चहा इंग्रजांनी आणला, आणि आपला चहा म्हणजे दूध, साखर, आले घालून उकळलेला. या वाक्याचे दोन्ही भाग एकदा तपासून पाहावेत, असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

त्याला निमित्तही घडले. अलीकडे घराघरांतील तरुण मंडळी सुट्या पानांचे, फुलांचे, फळांच्या वासाचे चहा डब्याडब्यांतून आणू लागली आहेत. वडीलधारी मंडळी त्यावर नाक मुरडतात आणि 'ही नसती थेरं' म्हणून मोकळी होतात. त्यांच्या दृष्टीने पातेल्यातला दुधाळ चहा ही परंपरा आणि सुगंधी कोरा चहा ही परकी फॅशन. आमच्या मते इतिहासाचा क्रम जवळजवळ याच्या उलट आहे. तो पडताळण्यासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही काही स्नेह्यांसह सात-आठ प्रकारचे सुटे चहा मागविले आणि दर रविवारी एकेक करून चाखले. सरकारी नोकरीत जडलेली टिपण ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडली.

सुरुवात चीनपासून करण्याचे कारण नाही. बडोद्याहून आगगाडीने दोन तासांवर असलेल्या सुरतेपासून ती करता येते. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेस आला. इंग्रजांच्या वखारीतील रोजच्या बैठकीत चहाच घेतला जाई आणि या देशात तो सर्वत्र चालतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेत उतरला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची नोंद अधिक तपशीलवार आहे. काही उष्ण मसाला घालून पाण्यात उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातील मुरडा यांवर गुणकारी समजला जाई. लोक तो सहसा खडीसाखरेबरोबर पीत आणि अधिक चोखंदळ लोक मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर. या दोन नोंदींच्या दरम्यान शिवछत्रपतींच्या सुरतेवरील १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या येतात, हे काळाचे भान यावे म्हणून सांगतो. तेव्हा आसामच्या चहाचे नावही जगाला ठाऊक नव्हते. ही पाने चीनची, जहाजातून आलेली.

इंग्लंडात काय स्थिती होती? पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीन यांचा दुसऱ्या चार्ल्सशी विवाह १६६२ साली झाला. त्या विवाहात मुंबई आंदण गेली हे आपण शाळेत शिकलो. त्याच कॅथरीनने तिकडच्या दरबारात चहा रूढ केला, हे शिकविले गेले नाही. मांडेल्स्लो सुरतेत चहा पिऊन गेल्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. पुढे गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे ताब्यात घेतले आणि आपली घराणी या प्रांतात स्थिरावू लागली. त्या वेळी सुरतेचा चहा शंभरीला टेकला होता. आपल्या वंशवेलींहून तो येथे जुना आहे.

ओव्हिंग्टनचा चहा आम्ही करून पाहिला. मसाल्यांची नावे त्याने दिलेली नाहीत, म्हणून सुंठ, चार मिरी आणि दालचिनीचा तुकडा एवढेच घेतले. चिनी काळा चहा, दूध नाही, वर खडीसाखर. पहिल्या घोटालाच एक स्नेही म्हणाले, "अहो, हा तर आपला काढा!" त्यांचे म्हणणे खरेच होते. आधी मिरीची आग घशाला लागते, मग चहाचा तुरटपणा जिभेच्या कडांवर येतो, आणि खडीसाखर हळूहळू विरघळत असल्यामुळे शेवटचा घोट सर्वांत गोड लागतो. दुसऱ्या पेल्यात घरच्या मुरवलेल्या गोड लिंबाची फोड टाकली. रंग तत्काळ उजळून मधासारखा झाला, आणि आंबट, गोड, किंचित कडू अशी चव आली. आमच्या टिपणवहीत या पेल्याला सर्वांत अधिक गुण आहेत. मसाल्याचा चहा हा टपरीवाल्यांचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी तो एकदा अवश्य घ्यावा.

याच घराण्यातले दुसरे नाव म्हणजे गवती चहा. आपण मराठी लोक त्याला गवती चहा म्हणतो, येथील गुजराती बांधव 'लीली चा' म्हणजे हिरवा चहा म्हणतात. त्यामुळे बडोद्याच्या भाजीबाजारात हिरवा चहा मागितला की हातात गवताची जुडी पडते आणि दुकानात तोच मागितला की 'ग्रीन टी'चा डबा मिळतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे गवत चहाचे कोणीच लागत नाही. लिंबासारखा वास त्याला सिट्रल या द्रव्यामुळे येतो. तरीही शब्दात आणि पातेल्यात दोन्ही भाषांनी त्याला चहाचे नातेवाईक मानले आहे. फळाफुलांच्या वासाचा चहा आपल्याकडे नवा नाही, याला याहून चांगला पुरावा नको.

चिनी 'जॅस्मिन टी'चा डबा उघडला तेव्हा खोलीत कोणी गजरा माळून आल्यासारखे वाटले. वाटणारच, कारण त्यातले फूल म्हणजे आपला मोगराच. फूच्यान प्रांतात मोगऱ्याच्या कळ्या दिवसा खुडतात, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या थरांत पसरतात आणि सकाळी फुले काढून टाकतात. उत्तम चहासाठी हे अनेक रात्री, दरवेळी ताजी फुले घेऊन, करतात. उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची दोन फुले टाकणाऱ्या आपल्या आजीला ही कृती समजावून सांगावी लागली नसती. चव मात्र वासाइतकी मोठी नाही. घोट घेतल्यावर जीभ थोडी रितीच राहते. पाणी फार कढत असेल तर कडवटपणा येतो आणि मोगराही लोपतो.

'अर्ल ग्रे'ची कथा निराळी. इटलीतील कलाब्रिया भागात पिकणाऱ्या बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल यात असते. चीनमधल्या कुणा मानकऱ्याने कृतज्ञतेपोटी ही कृती ग्रेसाहेबांना दिली, अशी दंतकथा डब्यांवर छापलेली असते. ग्रेसाहेब चीनला कधी गेलेच नव्हते. चहाशी त्यांचा खरा संबंध फार मोठा आहे आणि तो डब्यावर नसतो. ते पंतप्रधान असताना १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपली. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, लॉर्ड बेंटिंकने हिंदुस्थानात चहा पिकविता येईल काय हे पाहण्यासाठी समिती नेमली. चवीविषयी म्हणाल तर पहिला कप प्रसन्न, दुसऱ्याला अत्तराच्या फायाची आठवण येते, तिसरा आम्ही घेतला नाही.

आसामात चहाचे झाड मुळातच होते आणि सिंगफो लोक त्याची पाने वापरीत असत. रॉबर्ट ब्रूसला त्याचा पत्ता १८२३ मध्ये लागला. लंडनमध्ये आसामी चहाचा पहिला लिलाव जानेवारी १८३९ मध्ये झाला. ब्रूसला सिंगफोंची वाट दाखविणारे मणिराम दिवाण हे पुढे स्वतःचे मळे काढणारे पहिले भारतीय ठरले. सत्तावन्नच्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून १८५८ मध्ये त्यांना जोरहाट येथे फाशी देण्यात आले. मळ्यांवर राबण्यासाठी छोटा नागपुरातून जी माणसे करारावर नेली, त्यांना तो करार मोडून घरी परतणे हा गुन्हा होता. कुलवृत्तांतात अशी पाने सहसा गाळतात. आम्ही ती गाळणार नाही.

दार्जिलिंगला डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये चिनी वाणाचे बी लावले. भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली भारतातील पहिली वस्तू हाच चहा आहे (२००४). मार्च-एप्रिलमधील पहिल्या खुडणीचा चहा रंगाने इतका फिका की एका वहिनींनी "पत्ती घालायला विसरलात का?" असे विचारले. वास पावसाआधीच्या मोहोरासारखा, चव कोवळी, शेवटी हलका तुरटपणा. मे-जूनमधील दुसऱ्या खुडणीचा चहा तांबूस आणि पिकलेल्या द्राक्षाच्या वासाचा. हा वास यावा यासाठी तुडतुडे आणि फुलकिडे पानांना चावावे लागतात. शेतकरी ज्या किडीवर फवारा मारतो तीच येथे किंमत वाढविते. आमच्या मंडळींत पहिल्या खुडणीचे कैवारी दोन आणि दुसरीचे पाच निघाले. आम्ही पाचांत होतो.

कांगड्याचा हिरवा चहा सौम्य, थोडा उकडलेल्या मटारासारखा. १९०५ च्या भूकंपाने तेथील मळे उद्ध्वस्त झाले, त्यातून तो चहा पुरता सावरलाच नाही. निलगिरीचा स्वच्छ, सरळ, निरुपद्रवी. चीनच्या वुयी डोंगरातला 'लॅपसाँग सूचाँग' देवदारवर्गीय लाकडाच्या धुरावर सुकवितात. त्याला न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा वास येतो. ज्यांचे बालपण बंबाच्या पाण्याने गेले त्यांना तो आवडेल, इतरांनी विकत घेण्यापूर्वी वास घेऊन पाहावा.

आता दुधाळ चहाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चहा मराठी सुशिक्षितांत शिरला होता, पण तो निर्वेध नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावून चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी ती नावे प्रसिद्ध करविली. त्यात टिळक आणि रानडे दोघेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. वाद पानांचा नव्हता, कप कोणाच्या हातचा याचा होता. जुन्या वाड्यांत परक्या जातीच्या माणसासाठी कोनाड्यात निराळी ठेवलेली कपबशी आमच्या पिढीने पाहिली आहे. म्हणून गुजरातेत १९३४ साली निघालेल्या 'वाघ बकरी' चहाचे चित्र आम्हाला साधी जाहिरात वाटत नाही. नारणदास देसाई दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद सोसून १९१५ मध्ये परतले होते. वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितात, हे त्यांच्या चहाचे बोधचिन्ह.

घराघरांत चहा पोहोचविण्याचे पद्धतशीर काम १९०३ च्या चहा-उपकरानंतर सुरू झाले. निर्यातीवर बसविलेल्या त्या कराच्या पैशातून प्रचार चाले. जगव्यापी मंदीत विलायतेचा बाजार बसल्यावर तो वाढला. प्रचारक गावोगाव फुकट चहा पाजीत, आगगाडीच्या स्थानकांवर देशी भाषांतील फलक लागत. त्यांतली कृती अशी की उकळते पाणी पानांवर ओता, झाकून ठेवा आणि दूध-साखर वरून घाला. म्हणजे प्रचारकांनी मुरवायला शिकविले, आपण उकळायला लागलो. हैदराबादकरांनी तर इराणी चहाचा अर्क तासन्‌तास मंद आचेवर ठेवण्याची निराळीच विद्या सिद्ध केली.

उकळणे खऱ्या अर्थाने सोयीचे झाले ते दाणेदार चहामुळे. १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी आसामात नवे यंत्र तयार केले. पान चिरडणे, फाडणे आणि वळविणे या क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सीटीसी' म्हणतात. दाणा पटकन उतरतो, रंग गडद देतो, थोड्या पत्तीत अनेक कप होतात आणि दुधापुढे हार खात नाही. स्वातंत्र्यानंतर देशातील चहाचा फार मोठा भाग याच पद्धतीने होऊ लागला. आपण ज्याला वाडवडिलांचा चहा म्हणतो तो असा वयाने नव्वदीच्या आसपासचा. मांडेल्स्लोचा चहा पावणेचारशे वर्षांच्याही पुढचा.

न्याय म्हणून आम्ही हा दाणेदार चहाही इतरांसारखाच कोरा चाखला. रंग सुरेख, पण चवीत जोर आणि तुरटपणा यांपलीकडे काही नाही. पेला कोणी संपविला नाही. नंतर त्याचेच पातेले दूध, आले आणि लीली चा घालून ठेवले, ते मात्र पुन्हा भरावे लागले.

ज्यांना असा प्रयोग करावासा वाटेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. सुट्या पानांचा चहा एका कपास सुमारे दोन ग्रॅम पुरतो. काळ्या चहाला नुकते उकळलेले पाणी घ्यावे आणि तीन-चार मिनिटांत गाळावा. हिरव्या किंवा मोगऱ्याच्या चहासाठी उकळलेले पाणी चार-पाच मिनिटे निवू द्यावे आणि दोन मिनिटांतच गाळावे. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो हिंगाच्या किंवा गोड्या मसाल्याच्या शेजारी मुळीच ठेवू नये. चहाचे पान शेजाऱ्याचा वास फार लवकर घेते. मोगऱ्याचा चहा मुळात त्याच गुणावर होतो.