बेटावरचा प्रकाश

मुंबई हे मुळात बेट. बेटाला समुद्र असतो, बंदर असते, व्यापार असतो. पण दगडी कोळशाची खाण नसते आणि उंचावरून कोसळणारी नदीही नसते. गिरण्यांच्या या नगरीला ऊर्जा कोठून मिळावी, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्याच्या उत्तरांचा इतिहास खराडीसारख्या पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या आपल्यालाही परका नाही, कारण त्याचा एक धागा आपल्याच नदीतून जातो.

पहिले उत्तर सह्याद्रीने दिले. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पावसाचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली टाटांचे खोपोली येथील वीजकेंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा यांची त्यात भर पडली. भिऱ्यासाठी मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधण्यात आले आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी कोकणाकडे वळविले गेले. हीच मुळा पुण्यात मुठेला मिळून पुढे खराडीच्या काठाने वाहते. मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच. बेटावर दिवे लागले, त्यांची किंमत मावळाने मोजली.

दुसरे उत्तर शोधले गेले ते तुर्भ्यात. हेही एके काळी स्वतंत्र बेटच होते. पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आणि कोळ्यांची वस्ती ही त्याची जुनी ओळख. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. डॉ. होमी भाभा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीयांनी ती उभारली. इंधन मात्र ब्रिटनमधून आले. ती संशोधनासाठी होती, वीजनिर्मितीसाठी नव्हे. अणूपासून प्रत्यक्ष वीज मिळाली ती तारापूरला. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि १९६९ मध्ये तेथील दोन अणुभट्ट्या महाराष्ट्र व गुजरात यांना वीज देऊ लागल्या.

कोळशाच्या वाघिणींच्या रांगा नकोत, पावसाची वाट पाहणे नको, थोड्याशा इंधनात पुष्कळ वीज, असे हे आश्वासन होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम परदेशातून येत होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचा पुरवठा अडखळला व अखेर थांबला. १९८२ साली फ्रान्सशी व्यवस्था करावी लागली. पुढे चीन व रशिया यांच्याकडेही वळावे लागले. पुरवठा दुसऱ्याच्या हाती असेल, तर यंत्र आपल्या किनाऱ्यावर असूनही सत्ता आपली नसते. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ व २००६ साली तारापूरला वीज देऊ लागल्या, त्या या धड्यानंतरच्या. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली भूमी सोडावी लागली. मुळशीची कथा ऐंशी वर्षांनी समुद्रकाठी पुन्हा घडली.

तिसरे उत्तर होते व्यवस्थेचे. बाहेरच्या जाळ्यात बिघाड झाला की मुंबईने आपोआप त्यापासून अलग व्हावे आणि आपल्या वीजकेंद्रांच्या बळावर रुग्णालये, लोकलगाड्या चालू ठेवाव्यात, अशी योजना १९८१ पासून अमलात आली. अभियंत्यांनी तिला ‘बेट’ हेच नाव दिले. तिने अनेकदा शहराला तारले. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा व पडघा परिसरातील वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा शहरातील स्वतःची निर्मिती अपुरी होती; बेट टिकले नाही, लोकलगाड्या जागीच थांबल्या.

यावरून अणुवीज निरुपयोगी ठरत नाही, की धरणे पाप ठरत नाहीत. ठरते ते एवढेच, की ऊर्जेची सुरक्षितता केवळ यंत्रांच्या क्षमतेवर मोजता येत नाही. इंधन कोणाकडून येते, घरात किती तयार होते आणि त्यासाठी कोणाचे घर उठले, हे तिन्ही प्रश्न त्यात येतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंते व मुत्सद्दी शोधतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र वीज वापरणाऱ्या प्रत्येकाला द्यावे लागेल; खराडीच्या उंच इमारतींत दिवे लावणाऱ्या आपल्यालाही.