सुसरीचे अंडे आणि पेन्सिलीची खूण

सुसर आणि मगर यांत बऱ्याच जणांची गल्लत होते. लांब, चिंचोळ्या जबड्याची ती सुसर. तिचे मुख्य अन्न मासे. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा असतो, म्हणून हिंदीत तिला 'घडियाल' म्हणतात. कातड्यासाठी झालेली शिकार, मासेमारीची जाळी, अंड्यांची चोरी आणि नद्यांवरील धरणे यांमुळे १९७४ च्या सुमारास भारतात दोनशेहूनही कमी सुसरी उरल्याचा अंदाज होता.

१९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने सुसर-मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. डॉ. रॉबर्ट बस्टर्ड हे त्याचे सल्लागार होते. ओडिशात महानदीकाठी टिकरपाडा येथे आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळ कुकरैल येथे संगोपन केंद्रे उभी राहिली. कल्पना साधी होती. नदीतील अंडी आणायची, उबवायची आणि पिल्ले जरा मोठी झाली की परत नदीत सोडायची. निसर्गात कोल्हे व घोरपडी अंडी खातात, पुरात घरटी बुडतात, आणि जन्मलेल्यांपैकी फारच थोडी पिल्ले जगतात.

या कामाचा भार क्षेत्रीय कर्मचाऱ्यांवर होता. सुसर मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. वाळूवरचे माग पाहून घरटे शोधायचे आणि हातांनी वाळू उकरायची. मग प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची, आणि ती बाजू वरच राहील अशा बेताने अंडी वाळू भरलेल्या पेटीत ठेवायची. ही खूण कशासाठी? कोंबडी आपली अंडी उबवताना वरचेवर फिरवते. सुसरीच्या अंड्यात मात्र गर्भ साधारण दिवसभरात कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भ मरू शकतो. म्हणजे चंबळच्या वाळवंटातून जीपने केलेल्या प्रवासात त्या एका खुणेवर पिल्लाचा जीव अवलंबून असे.

उबवणीचे तापमान सांभाळणे हेही जोखमीचे होते. मगरवर्गीय प्राण्यांत पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या तापमानावर ठरते. १९८२ साली अमेरिकेतील अ‍ॅलिगेटरवरील संशोधनातून हे पुढे आले. प्रकल्पाच्या आरंभी ते ठाऊक नव्हते.

१९८० मध्ये भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात सुसरीची बंदिवासात प्रथमच वीण झाली. चंबळ नदीला अभयारण्याचे संरक्षण मिळाले. सुमारे सव्वा मीटर लांबीची झालेली पिल्ले नद्यांत सोडली जाऊ लागली. पुढील काही दशकांत ही संख्या सुमारे पाच हजारांवर गेली.

मग नद्या सुसरींनी भरल्या का? १९९७ मध्ये प्रौढ सुसरी अंदाजे ४३६ होत्या. २००६ मध्ये त्या १८२ वर आल्या. २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळच्या परिसरात शंभरावर सुसरी मूत्रपिंडे निकामी होऊन मेल्या. महानदीत शेकडो पिल्ले सोडूनही तेथे नैसर्गिक वीण दिसायला २०२१ साल उजाडावे लागले. चंबळमध्ये मात्र त्या टिकल्या, कारण तेथे वाहते, खोल पाणी आणि मोकळे वाळूचे किनारे शिल्लक होते.

उबवणी केंद्राने सुसरींना वेळ मिळवून दिला. नदीतील वाळू उपसली जात असेल, पाणी अडवले जात असेल आणि जाळी पसरलेली असतील, तर सोडलेल्या पिल्लांनी राहावे कुठे? आपल्या गावच्या नदीत आज सुसर सोडली तर ती अंडी कुठे घालेल, हे विद्यार्थ्यांना काठावर नेऊन शोधायला सांगावे.