‘रेंट’ : रंगमंचावरून पडद्यावर

संगीत नाटकाचा चित्रपट करताना काय टिकते आणि काय निसटते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’वर २०१५ मध्ये चित्रपट आला, तेव्हाही तो पडला होता. अमेरिकेतील ‘रेंट’च्या बाबतीत तो अधिक नाजूक होता, कारण एड्सच्या साथीत गेलेल्या तरुणांची आठवण त्या नाटकात जपलेली होती.

मूळ नाटक

संगीत, गीते आणि संहिता तिन्ही जोनाथन लार्सन यांची. पुच्चिनी यांच्या १८९६ च्या ‘ला बोएम’ या ऑपेरातील पॅरिसचे कफल्लक कलावंत त्यांनी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये आणले आणि क्षयाच्या जागी एड्स आला. ‘रेंट’ म्हणजे घरभाडे. या मंडळींना तेच परवडत नाही. प्रमुख आठ पात्रांपैकी चौघे एचआयव्हीबाधित आहेत. २५ जानेवारी १९९६ रोजी, पहिल्या पूर्वप्रयोगाच्या दिवशी पहाटे, महाधमनी फाटून लार्सन यांचे निधन झाले. ते ३५ वर्षांचे होते. त्याच वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेले, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २००८ पर्यंत ५,१२३ प्रयोग झाले.

चित्रपटातील बदल

दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांचा चित्रपट नोव्हेंबर २००५ मध्ये आला. आठपैकी सहा प्रमुख भूमिका मूळ नटसंचानेच केल्या. मिमी आणि जोॲन या भूमिकांसाठी रोझारिओ डॉसन आणि ट्रेसी थॉम्स नव्याने आल्या. नाटक जवळजवळ संपूर्ण गायले जाते. पटकथेत गाण्यांमधील बरेच गेय संवाद साध्या बोलण्यात आणले. दुसऱ्या अंकाच्या आरंभीचे समूहगीत चित्रपटाच्या सुरुवातीला, रिकाम्या नाट्यगृहातील रंगमंचावर येते. एंजलचा मृत्यू नाटकात एका बेभान समूहदृश्यातून समोर येतो. चित्रपटात ते दृश्य नाही. एका संथ गाण्यावर एंजल खंगत जाताना दिसतो.

काय साधले, काय निसटले

आमच्या मते चेहरे आणि आवाज टिकले, निकड मात्र कमी झाली. नाटक आले तेव्हा औषधांचे एकत्रित उपचार नुकतेच हाती येत होते आणि प्रेक्षकांपैकी अनेकांनी आपली माणसे गमावलेली होती. २००५ पर्यंत औषधे मिळू शकणाऱ्यांसाठी हा आजार लगेच मृत्यूचे फर्मान राहिला नव्हता. त्यामुळे चित्रपटाने कथेला १९८९-९० हा काळ नेमून दिला आणि ‘आज’ची गोष्ट ‘तेव्हा’ची झाली. शिवाय तेच कलाकार आता दहा वर्षांनी मोठे होते. रंगमंचावर गाण्यामागून गाणे येत राहते, पात्रांना उसंत मिळत नाही. वेळ थोडा आहे, हे तिथे सांगावे लागत नाही. बोलके संवाद आले की ती घाई सैल पडते.

तरीही चित्रपटाचे एक मोल आम्ही मानतो. आजारी माणसाला मित्र टाकत नाहीत, त्याच्या उशाशी बसतात, त्याच्यासाठी गातात, हे त्याने न्यूयॉर्कच्या नाट्यगृहापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या घरांत नेले. एड्सच्या रुग्णाला घरच्यांनीही दूर लोटल्याची उदाहरणे आपल्याकडेही होती, हे विसरून चालणार नाही.

सभासदांसाठी सूचना : ब्रॉडवेवरील शेवटच्या प्रयोगांचे चित्रीकरणही २००८ मध्ये प्रदर्शित झाले. आधी चित्रपट आणि मग ते चित्रीकरण पाहिल्यास फरक चटकन कळतो. व्यसन, समलिंगी संबंध आणि मृत्यू यांचे मोकळे चित्रण असल्याने मोठ्या मुलांसोबत बसून पाहावे आणि नंतर त्यांच्याशी बोलावे.