औशाचा डाव: समोरच्याला ओळखलं, हे कशावरून?

दिवाळीत तीन पत्ती खेळताना एक प्रसंग हमखास येतो. समोरचा जोरात चाल वाढवतो, तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता आणि मनात म्हणता, ‘हा फेकतोय.’ तरी हिंमत होत नाही. पॅक करता. तो पैसे ओढून घेतो, पानं न दाखवता गड्डीत मिसळून टाकतो आणि हसतो. तुमचा अंदाज खरा होता की खोटा, हे तुम्हाला आयुष्यात कधीच कळत नाही.

पोकर खेळणाऱ्यांचा सगळा संसार या एका गोष्टीवर चालतो. समोरासमोर बसून खेळताना माणूस ओळखायचा, आणि ओळखला तर त्या ओळखीवर पैसे लावायचे. आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा ब्लॉग आहे, इथे पत्ते कशाला? कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रकरणात जी चूक केली ती नेमकी हीच होती. आणि ती झाली औशाच्या लढाईवर लिहिताना.

आधी जागा बघा. औसा लातूरपासून साधारण २० किलोमीटर. किल्ला भुईकोट, खंदक असलेला, दुहेरी तटाचा. पण त्याची खरी गंमत उंचीत नाही, खोलीत आहे. किल्ला सखल भागात आहे आणि भोवतीची जमीन चढती. त्यामुळे आतल्या उंच बुरुजावरून येणारं सैन्य लांबून दिसतं, आणि येणाऱ्याला मात्र किल्ल्याचा बराचसा भाग जवळ येईपर्यंत दिसतच नाही. आपण सगळं बघायचं, आपलं काही दाखवायचं नाही. पोकरवाल्यांना असा चेहरा मिळाला तर ते त्याची पूजा करतील.

या किल्ल्याच्या परिसरात ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवराव भाऊंनी निजामाच्या फौजेचा मोड केला. पुस्तकात याला ‘उदगीरची लढाई’ म्हणतात, कारण झुंज उदगीरकडे सुरू झाली. शेवटचा घाव मात्र औशाच्या बाजूला बसला. (जुन्या पत्रांत निजामाच्या फौजेला सर्रास ‘मोगल’ म्हटलेलं असतं. नवीन माणूस इथे पहिली ठेच खातो. तुम्ही खाऊ नका.)

परिस्थिती अशी होती. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांच्याजवळ फौज थोडी, त्यांची दुसरी मोठी फौज धारूरकडे. दोन्ही एकत्र आल्या तर मराठ्यांना जड जाणार. म्हणून हे दोघे भाऊ उदगीरहून तोफांच्या आडोशानं, गोल धरून, हळूहळू धारूरच्या दिशेनं सरकत होते. मराठी घोडदळ त्यांच्या चहूबाजूंनी. दाणावैरण तोडायची, रेटत राहायचं, मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि मग औशाजवळ घोडे सरळ आत घातले.

मी माझ्या प्रकरणात लिहिलं होतं की उदगीर सोडून धारूरकडे निघणं हा निजामअलीचा मूर्खपणा होता आणि भाऊंनी तो अचूक हेरला. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, “तुला ३ फेब्रुवारी माहीत आहे. त्याला २० जानेवारीला ती कुठून माहीत असणार?”

मी गप्प. कारण माझ्याकडे त्या वाक्यासाठी पुरावा एकच होता: तो हरला.

पोकर खेळणाऱ्यांनी या चुकीला एक नाव ठेवलंय, ‘रिझल्टिंग’. निकाल चांगला म्हणून निर्णय चांगला, निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट. ॲनी ड्यूक या पोकरपटूनं २०१८ च्या ‘थिंकिंग इन बेट्स’ या पुस्तकात हा शब्द सगळीकडे पोचवला. ही बाई मुळात मानसशास्त्रात पीएचडी करत होती आणि ती अर्धवट सोडून पत्त्यांकडे वळली. (कुणी मनात काही योजना आखू नका, फेलोशिपचा हप्ता उशिरा येतो म्हणून काय झालं.)

उलटा विचार करून बघा. दोन फौजा वेगळ्या आहेत, एक लहान, एक मोठी. लहान फौजेचा सेनापती जागेवर थांबला तर कोंडला जाणार. चालू पडला तर वाटेत मार खाणार, पण पोचण्याची शक्यता आहे. तुम्ही काय केलं असतं? निजामअलीनं जे केलं ते त्या क्षणी बरंच शहाणपणाचं असू शकतं. हरणारा पत्ता नीट खेळूनही माणूस हरतो.

आता भाऊंकडे या. त्यांचा अंदाज बरोबर ठरला हे खरं. पण तो अंदाज होता की नशीब? इथे मला डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांचा २००९ मधला एक निबंध उपयोगी पडला. हे दोघे आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे. एक म्हणायचा माणसाचं अंतर्ज्ञान फसवं, दुसऱ्यानं आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांचं अंतर्ज्ञान किती पक्कं असतं ते दाखवलेलं. एकत्र बसले तेव्हा दोन अटींवर त्यांचं जुळलं: परिस्थितीत काहीतरी नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे माणसाला वारंवार कळायला हवं. या दोन गोष्टी असतील तरच ‘मला आतून वाटतंय’ याला किंमत.

निजामाच्या बाबतीत पुण्याकडे या दोन्ही गोष्टी होत्या. मुलूख ओळखीचा, वकील एकमेकांच्या दरबारात बसलेले. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडला याच निजामअलीशी लढाई झाली होती आणि त्यानं २५ लाखांचा मुलूख लिहून दिला होता. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती बुसी परत बोलावला गेला, म्हणजे निजामाच्या मागचा मोठा आधार गेला, हेही माहीत. त्याच्याकडचा तोफखान्याचा माणूस इब्राहिमखान गारदी आता भाऊंच्या चाकरीत. नोव्हेंबर १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला न लढता, किल्लेदार फोडून घेतलेला. थोडक्यात, हा अनेक डाव एकत्र खेळलेला भिडू होता.

याचा सगळ्यात सुंदर नमुना लढाईनंतरचा. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिलंय की हरल्यावर निजामअलीनं आपला राज्याचा शिक्काच भाऊंकडे पाठवून दिला: तह तुम्हीच ठरवा, तुमच्या मोठेपणावर सोडतो. केवढी नम्रता! डफच्या मते ती गोंजारण्याची चाल होती. भाऊ विरघळले नाहीत. सुमारे ६० लाखांचा मुलूख, दौलताबाद, अशेरी, विजापूर, बुऱ्हाणपूर असं सगळं मागून घेतलं. तीन वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला हाच निजामअली पुन्हा हरला. त्या लढाईत त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला होता. निजामअली रघुनाथरावांकडे पश्चात्तापाचा चेहरा घेऊन गेला आणि सगळा दोष त्या मेलेल्या दिवाणावर टाकला. रघुनाथराव विरघळले आणि हातात आलेल्या मुलखातला काही परत दिला. निजामअलीनं पुढे १८०३ पर्यंत राज्य केलं. लंबी खेळी खेळणारा माणूस.

पण थांबा. मी आता काय केलं बघितलंत? ‘भाऊंनी ओळखलं, राघोबांना ओळखता आलं नाही’ असं म्हणून मोकळा झालो. राघोबांचं पुढे काय झालं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, म्हणून त्यांची प्रत्येक कृती भोळी किंवा लबाड दिसते. पुण्यात पुतण्याशी सत्तेचा वाद चालू असताना निजाम आपल्या बाजूला असावा, असा हिशोब त्यांनी केला नसेल कशावरून? फसणं आणि फसल्यासारखं दाखवणं, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

चेहऱ्यावरून ओळखता येतं या समजाचंही तसंच आहे. मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग छापला. २००९ च्या पोकर विश्वस्पर्धेच्या चित्रफितींचे लहान तुकडे लोकांना दाखवले आणि विचारलं, या खेळाडूची पानं किती चांगली? नुसते चेहरे पाहणाऱ्यांचे अंदाज कौल टाकून मिळाले असते त्याहूनही वाईट निघाले. नुसते हात, म्हणजे चिप्स पुढे सरकवण्याची हालचाल पाहणाऱ्यांचे अंदाज बरे आले. चेहरा माणूस सांभाळतो, हात सांभाळायचं विसरतो. आपल्या धंद्यात शिक्का, तहनामे, खलिते हा चेहरा. फौजेचा पगार, बैलांचा हिशोब, धान्याचा भाव, हा हात. मला हे उशिरा कळलं.

आता ज्या गोष्टीनं माझं प्रकरण खरं मोडलं ती सांगतो. डफ असंही लिहितो की औशाच्या त्या लढाईत मोगलांनी एकदा इब्राहिमखानाच्या गारद्यांची फळी पार मोडली होती, त्यांची निशाणं हिसकावून घेतली होती. डाव सावरला तो घोडदळानं. म्हणजे विजय मिळाला, पण विजयाच्या पोटात एक धोक्याची खूण होती. जिंकलेल्या डावातली चूक कोण मोजतं? मी तर दोन वर्षं ती ओळ वाचून पुढे जात होतो.

आणि त्याच वेळी एक पान उलटं पडलेलं होतं. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला बुराडीच्या घाटावर पडले होते. औशाला जय झाला तेव्हा त्याला तीन आठवडे उलटले होते आणि दक्षिणेत कुणाला पत्ता नव्हता. बातमी फेब्रुवारीच्या मध्याला आली. मार्चमध्ये पडदूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला, उत्तरेत कुणी जायचं ते ठरलं. औशाचा विजयी सेनापती निघाला.

तिथे समोर अब्दाली. या माणसाशी भाऊ एकही डाव खेळलेले नव्हते. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलं, यमुनेला पूर आहे तोवर अब्दाली पलीकडेच राहील असं धरलं, आणि आठवडाभरात अब्दाली बागपतला नदी उतरून अलीकडे आला. मग पानिपतावर अडीच महिने. दाणावैरण तुटली. शेवटी १४ जानेवारी १७६१ ला भाऊ तोफा घेऊन, गोल धरून बाहेर पडले. शेजवलकरांनी १९४६ च्या ‘पानिपत’ पुस्तकात या गोलाच्या लढाईवर बरंच लिहिलंय. मला मात्र ते वाचताना औसा दिसत होतं. उपाशी फौज, तोफांचं कुंपण, चहूबाजूंनी स्वार. अकरा महिन्यांपूर्वी ज्या खुर्चीत निजामअली बसला होता त्याच खुर्चीत आता भाऊ. इब्राहिमखानावर टाकलेला विश्वास मात्र खरा ठरला. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. म्हणजे एकाच माणसाचे अंदाज: निजामअली बरोबर, इब्राहिमखान बरोबर, नदी चूक. ‘भाऊंना माणसं कळत नव्हती’ असं एका ओळीत लिहिणारे बखरकार निकालानंतर लिहीत होते.

मग करायचं काय? मी केलेला उपाय सांगतो, तुम्हाला पटला तर घ्या. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतला पहिलाच खंड उदगीरच्या लढाईवर आहे. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा १८९८ चा पहिला खंड पानिपतच्या पत्रांचा. ही पत्रं लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नव्हतं. मी ती तारखेनं लावली, एका वेळी एकच पत्र वाचलं आणि पुढचं उघडण्याआधी वहीत लिहिलं: आता हा काय करेल असं मला वाटतं, आणि किती खात्रीनं. शंभरात साठ, ऐंशी, असं आकड्यात. निकाल माहीत असूनही मी सारखा चुकलो. वहीचं पहिलं पान आजही बघवत नाही. जिथे मी ‘नव्वद’ लिहिलं होतं तिथे जवळजवळ अर्ध्या वेळा मी चूक होतो, आणि त्यातल्या बहुतेक जागी मी पत्राच्या मायन्यावर, गोड शब्दांवर गेलो होतो. शेवटच्या दोन ओळींत असायचं ते: पैसे पाठवा, वैरण नाही.

प्रकरण आता तिसऱ्यांदा लिहितोय. ‘मूर्खपणा’ हा शब्द काढलाय. त्या जागी काय घालायचं ते अजून सापडलेलं नाही.