दरसाल रुपये पाच

रायगडावरच्या शिवसमाधीच्या देखभालीसाठी मुंबई सरकारने मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला 5 रुपये. रायगड जिल्ह्यातल्या गडकोटांवरच्या सरकारी निधीची कुळकथा तिथूनच सांगावी लागते.

तेवढेही सहजासहजी मिळाले नाही. 1883 मध्ये जेम्स डग्लस यांचे 'बुक ऑफ बॉम्बे' प्रसिद्ध झाले. समाधीजवळ माजलेले रान, फरशी फोडून वर आलेली झाडे, देवळाची दैना, सारे त्यांनी लिहिले. एवढे राज्य उभारणाऱ्याची आठवण आता कुणालाच उरली नाही, अशी खंतही मांडली. सरकार हलले ते पाच रुपयांपुरते. मराठी माणसाच्या मात्र ते जिव्हारी लागले. मे 1895 मध्ये पुण्यात सभा भरली, टिळकांनी 'केसरी'तून जीर्णोद्धाराची हाक दिली आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी धाडली. पुढच्याच वर्षी गडावर उत्सव झाला. 1904 मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला, तरी समाधीवरची आजची छत्री उभी राहायला 1926 उजाडले. त्या कामातही सरकारी पैशाला लोकवर्गणीची जोड होतीच.

2017 नंतर रायगड विकास प्राधिकरणाचा आराखडा 600 कोटींवर गेला. त्यात महाड-रायगड रस्ता आहे, पायथ्याची गावे आहेत. ते हवेच, पण हा सगळा पैसा गडाच्या दगडांवर पडतो असे कुणी धरू नये.

पाच रुपये ही थट्टाच होती, पण खर्च दरसाल धरला होता, हे बरोबर होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचेच पाहा. त्याचा तट मोठमोठे दगड चुन्याशिवाय रचून बांधला आहे. लाटेचे पाणी सांधीत शिरते आणि जोर ओसरून परत फिरते. त्याच सांधीत पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पहिल्या वर्षी रोप हाताने उपटता येते. वरवर छाटले, तर पुढच्या पावसाळ्यात जोमाने फुटते आणि मुळी जाड होत होत चिरा जागचा सरकवते. मग तिथे लाखांचे काम निघते.

अलीकडे राज्याने जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी गडकिल्ले आणि स्मारकांसाठी राखायचे ठरवले, ते म्हणूनच मोलाचे वाटते. 2025 मध्ये रायगडाबरोबर समुद्रातला खांदेरी किल्लाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथे होडीशिवाय जाता येत नाही. पाऊस सरला की दर दसऱ्याच्या सुमारास तटावरची रोपे काढायला माणसे पोचावीत, आणि त्यांची मजुरी, होडीचे भाडे त्या निधीत आधीच धरलेले असावे.