‘गेट आउट ऑफ डॉज’ आणि माझी एक फजिती

आपल्याकडे लोक काढता पाय घेतात, पोबारा करतात, नाहीतर सरळ सुंबाल्या करतात. अमेरिकन माणूस अशा वेळी म्हणतो, “लेट्स गेट आउट ऑफ डॉज.” म्हणजे चला, सटका इथून. हे डॉज म्हणजे कॅन्ससमधलं डॉज सिटी. १८७२ मध्ये रेल्वेच्या आगेमागे वसलेलं गाव, आणि १८७६ पासून साधारण दहा वर्षं टेक्सासहून हाकत आणलेल्या गुरांचा मोठा बाजार.

एका सेमिनारमध्ये मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की हे गाव इतकं खुनशी होतं की भाषेतसुद्धा त्याची भीती उरली आहे. मागून प्रश्न आला, “हा वाक्प्रचार छापील कधी सापडतो?” मी गप्प. नंतर शोधलं तर तो रुळला तो १९६० च्या दशकात, तरुणांच्या बोलीत. गुरांचा बाजार उठून तेव्हा पाऊणशे वर्षं झाली होती! मधे काय आलं? ‘गनस्मोक’. १९५२ पासून रेडिओवर, १९५५ ते १९७५ टीव्हीवर. त्यातला मार्शल मॅट डिलन डॉजमध्ये कायदा राखतो. म्हणजे माझा ‘पुरावा’ १८७० च्या दशकाचा नव्हताच, तो प्रेक्षकांच्या दिवाणखान्यातला होता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. रॉबर्ट डिक्स्ट्रा यांचं ‘द कॅटल टाउन्स’ (१९६८) वाचलं. कॅन्ससच्या पाच गुरांच्या गावांत १८७० ते १८८५ या काळात त्यांना मारले गेलेले ४५ जण सापडले, त्यांतले डॉजमध्ये १५. दहा हंगामांत पंधरा, म्हणजे हंगामाला दीड. झालं, रक्तरंजित पश्चिम ही सगळी टीव्हीची बनवाबनवी, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

पण जरा थांबा. डॉजची ही मोजणी १८७६ पासूनची आहे. गाव वसल्यानंतरचं पहिलं वर्ष, म्हणजे बायसनच्या कातड्यांचा व्यापार होता आणि नगरपालिका नव्हती तो काळ, तिच्यात येतच नाही. आणि तोच तर काळ फार रक्तपाताचा होता. शिवाय १८८० मध्ये गावाची वस्ती जेमतेम हजार. हजारात दीड म्हणजे लाखाला दीडशे! आकडा तोच, पण भागाकार केला की अंगावर येतो. खुनांच्या दरावर काम करणाऱ्या इतिहासकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे.

मला दोन्ही बाजू पूर्ण पटत नाहीत. इतक्या लहान वस्तीत एक खून इकडेतिकडे झाला तरी दर उड्या मारतो. आणि भागायचं कशाने, हा खरा घोळ. जनगणनेत तिथे राहणारी माणसं मोजलेली असतात. गुरं विकून, पगार उडवून चार दिवसांत डॉजमधून निघून गेलेला काउबॉय त्या हजारांत नसतो, पण पंधरांत असू शकतो.