लेक डिस्ट्रिक्ट : एका डोंगराळ मुलखाचा आणि निसर्गदृष्टीचा इतिहास

इंग्लंडच्या वायव्य भागात, स्कॉटलंडच्या सीमेपासून थोड्या अंतरावर, डोंगर आणि सरोवरे यांनी व्यापलेला एक लहानसा मुलूख आहे. त्याचा बराचसा भाग पूर्वी कंबरलंड आणि वेस्टमोरलंड या परगण्यांत मोडत असे. हाच लेक डिस्ट्रिक्ट. इथले सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक अवघे 978 मीटर उंच; कळसूबाईपुढे ते ठेंगणेच. तरीही युरोपीय साहित्यातील स्वच्छंदतावादाने निसर्गाचा विचार कसा बदलला, हे समजून घ्यायला या मुलखाइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल. कारण इथे तो विचार कवितेपुरता राहिला नाही. तो रस्ते, रेल्वे, धरण आणि जमिनीची मालकी इथपर्यंत पोहोचला.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित इंग्रजाला हा प्रदेश पाहण्यासारखा वाटत नसे. डॅनिअल डीफोने 1720च्या दशकात आपल्या प्रवासवर्णनात वेस्टमोरलंडची संभावना ओसाड आणि भयावह मुलूख अशी केली. शेती पिकत नाही, वाट धड नाही, अशा जागेत कौतुक कसले, हा त्यामागचा सरळ व्यवहारी हिशेब होता.

पन्नासेक वर्षांत हवा पालटली. कवी टॉमस ग्रे 1769 मध्ये इथे फिरला आणि त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, 1775 मध्ये प्रसिद्ध झाली. 1778 मध्ये टॉमस वेस्टने सरोवरांची मार्गदर्शिका काढली. कोणत्या टेकाडावर उभे राहिले म्हणजे देखावा उत्तम दिसतो, हे तिने ठिकाणांसह सांगितले. विल्यम गिल्पिनने देखावा चित्रासारखा कधी वाटतो याचे नियमच बांधून दिले. हौशी प्रवासी बरोबर एक काळसर, किंचित फुगीर आरसा बाळगत. सतराव्या शतकातील चित्रकार क्लोद लोरां याच्या नावाने तो ओळखला जाई. त्यात सारे दृश्य आटोपशीर आणि सौम्य रंगांत दिसे. मात्र ते पाहण्यासाठी प्रत्यक्ष डोंगराकडे पाठ करावी लागे. सरोवरात होडीवरून तोफ उडवून कड्यांतून घुमणारा प्रतिध्वनी ऐकायचा, आणि त्याचे पैसे मोजायचे, असाही प्रकार चाले. 1793 पासून फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, युरोपची सफर अवघड झाली आणि आल्प्सऐवजी सरोवरांकडे येणाऱ्यांची संख्या वाढली. महाबळेश्वरला इंग्रजांनी एकेका कड्याला नाव देऊन जे पॉइंट ठरवले, त्यांचे कूळही याच अभिरुचीत शोधावे लागते.

विल्यम वर्ड्सवर्थ या प्रवाशांपैकी नव्हता. 1770 मध्ये तो याच मुलखात कॉकरमथ गावी जन्मला आणि हॉक्सहेडच्या शाळेत शिकला. 1798 मध्ये त्याने कोलरिजबरोबर ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निनावी प्रसिद्ध केला. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने कवितेची भाषा माणसांच्या खऱ्याखुऱ्या बोलण्याजवळ असावी असे मांडले आणि सामान्य ग्रामीण जीवन हा आपला विषय का, याची कारणे दिली. डोंगर हा आता चौकटीत बसवायचा देखावा उरला नाही. माणसाचे मन घडवणारी ती एक शक्ती ठरली. 1799च्या अखेरीस तो बहीण डोरोथीसह ग्रासमीरच्या लहानशा घरात राहायला आला. ते आज डव्ह कॉटेज म्हणून प्रसिद्ध आहे.

डोरोथीचा वाटा सहसा कमी लेखला जातो. 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटरच्या काठी भावंडांनी डॅफोडिलचे ताटवे पाहिले. डोरोथीने ते रोजनिशीत तपशिलाने टिपले. विल्यमची याच विषयावरची जगप्रसिद्ध कविता 1807 मध्ये छापली गेली. तिच्यात कवी एकटाच आहे, बहीण नाही. निसर्गापुढे उभा असलेला एकाकी माणूस ही स्वच्छंदतावादाची लाडकी प्रतिमा. ती प्रत्यक्षात कशी घडवली जाई, हे या दोन मजकुरांतून उघड होते.

शिवाय हा निसर्ग निर्जन नव्हता. इथल्या दऱ्यांत पिढीजात जमीन कसणारे छोटे शेतकरी होते. ते मेंढ्या पाळत आणि घरी सूत कातत म्हणून त्यांचे भागे. यंत्रांनी ते सूत बाजारातून हटवले आणि लहान जमिनी विकल्या जाऊ लागल्या. वर्ड्सवर्थची ‘मायकेल’ ही दीर्घ कविता अशाच एका मेंढपाळाची कहाणी आहे. 1801 मध्ये त्याने संग्रहाची प्रत राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्सला धाडली, तेव्हा सोबतच्या पत्रात हा वर्ग नाहीसा होत असल्याकडेच लक्ष वेधले. चित्रकारांपैकी टर्नर 1797 मध्ये इथे येऊन गेला. कॉन्स्टेबल 1806 मध्ये आला, त्याने पुष्कळ रेखाटनेही केली, पण एकाकी डोंगरांत त्याचे मन रमले नाही. त्याला चर्च, शेते, घरे असलेला सपाट मुलूखच भावत असे.

वर्ड्सवर्थने या प्रदेशावर गद्य मार्गदर्शिकाही लिहिली. 1810 मध्ये ती दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची निनावी प्रस्तावना म्हणून आली आणि 1835 पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या झाल्या. स्थानिक दगडाची, भूमीत मिसळून गेलेली घरे त्याला हवी होती. बाहेरून आलेल्या श्रीमंतांचे पांढरेशुभ्र बंगले आणि लार्च वृक्षांच्या लागवडी त्याला खटकत. ज्याला पाहायला डोळा आणि आनंद घ्यायला मन आहे, अशा प्रत्येकाचा या मुलखावर हक्क आहे, ही राष्ट्रीय मालमत्तेची कल्पना त्याने याच पुस्तकात मांडली.

तिची परीक्षा लवकरच झाली. 1844 मध्ये केंडल ते विंडरमिअर रेल्वेची योजना पुढे येताच त्याने ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये सुनीत आणि पत्रे छापून विरोध केला. कारखान्यांतील मजुरांना गाडीत भरून आणल्याने त्यांना सौंदर्याची जाण येणार नाही, त्यांनी आधी घराजवळच्या शेतांत फिरावे, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्याने सामान्य माणसाला कवितेत आणले, त्यालाच तो माणूस गाडीने दारात आलेला नको होता. 1847 मध्ये रेल्वे आलीच. वर्ड्सवर्थ 1850 मध्ये वारला.

याच नावाचा त्याचा नातू पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य होता. केशवसुतांपासूनच्या मराठी कवितेवर इंग्रजी स्वच्छंदतावादाचा ठसा उमटला तो अशाच महाविद्यालयीन शिक्षणाच्या काळात.

पुढचा मोठा संघर्ष पाण्यावरून झाला. मँचेस्टरला पाणी पुरवण्यासाठी थर्लमिअर सरोवराची पातळी वाढवायला संसदेने 1879 मध्ये मंजुरी दिली. विरोध फसला आणि 1894 मध्ये सुमारे 150 किलोमीटरवरून पाणी शहरात पोहोचले. पण या झगड्यांतून संघटना उभ्या राहिल्या. हार्डविक रॉन्स्ली या इथल्याच धर्मोपदेशकाने ऑक्टाव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. कवीने सांगितलेला हक्क आता खरेदीखतावर आला. 1902 मध्ये डर्वंटवॉटरकाठची ब्रॅंडलहाउ ही जागा लोकवर्गणीतून घेतली गेली. 1943 मध्ये लेखिका बिॲट्रिक्स पॉटरच्या निधनानंतर 4,000 एकरांहून अधिक जमीन ट्रस्टला मिळाली. तिथे हर्डविक जातीच्या स्थानिक मेंढ्या राखाव्यात अशी तिची अट होती.

1951 मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यावर वाद झाला. डोंगरांचे उघडेबोडके उतार शतकानुशतकांच्या चराईने झाले आहेत, तिथे पुन्हा रान वाढू द्यावे असे काही पर्यावरणवादी म्हणतात. मेंढ्या गेल्या तर दगडी बांध, कुरणे आणि दऱ्यांतील शेती टिकणार नाही असे मेंढपाळांचे उत्तर आहे.